एअरलाइनने कार्डाचा फोटो मागितलाय: काय द्यायचं आणि काय अजिबात नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. खेडकडचे एक भाऊ विचारतायत की त्यांचा थोरला भाऊ कुवेतला असतो, त्याने तिथूनच स्वतःच्या क्रेडिट कार्डावर आईचं आणि वहिनीचं मुंबई-कुवेत तिकीट काढलं, पैसे कापले गेले, आणि दुसऱ्या दिवशी मेल आला की पेमेंट व्हेरिफिकेशन बाकी आहे, कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि कार्ड ज्याचं आहे त्याच्या पासपोर्टची कॉपी २४ तासांत पाठवा नाहीतर बुकिंग कॅन्सल. शिवाय तिकिटाखाली बारीक अक्षरात लिहिलंय की चेक-इनला ओरिजिनल कार्ड दाखवावं लागेल. आता कार्ड कुवेतला आणि आई खेडला. तर हे खरं की फ्रॉड, आणि पाठवलं तर कोणी आपल्या नावावर काही उद्योग करेल का.

मी चिपळुणात तिकिटांचं काम करतो, बरीच वर्षं झाली, आणि माझं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक आखातातलं नाहीतर शिपवर जाणारी पोरं. त्यामुळे हा मेल मी खराही बघितलाय आणि खोटाही. माझं उत्तर असं की नियम खरा आहे, तुम्हाला आलेला मेल खरा असेलच असं नाही, आणि खरा असला तरी ते मागतायत ते सगळं जसंच्या तसं द्यायची काहीएक गरज नाही. अजून एक, सगळे कार्डाला घाबरतात आणि पासपोर्ट बिनधास्त व्हॉट्सॲपवर टाकतात, माझ्या मते ते अगदी उलटं आहे. कार्ड पाच मिनिटांत ब्लॉक होतं, नवीन येतं, नंबर बदलतो. पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, आणि जन्मतारीख, आईचं नाव ही तर काय बदलायची गोष्टच नाही.

आधी एअरलाइन हे का करते ते बघा, म्हणजे त्यांच्याशी बोलायचं कसं ते कळेल. ऑनलाइन पेमेंटमध्ये कार्ड कोणी बघितलेलं नसतं, नुसता नंबर टाकलेला असतो. चोरीच्या नंबरावर कोणी तिकीट काढलं आणि खऱ्या मालकाने नंतर बँकेला सांगितलं की हे मी केलं नाही, तर बँक पैसे परत खेचते, त्याला चार्जबॅक म्हणतात. असा दावा यायला कधीकधी तीन-चार महिनेही जातात. तोपर्यंत माणूस उडून गेलेला, सीट वापरलेली, एअरलाइनच्या हातात काही नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्ड पेमेंटला दुसरा टप्पा सक्तीचा केला, म्हणजे तो ओटीपी किंवा पासवर्ड, त्यामुळे भारतीय कार्डावर भारतीय साइटवरून काढलेल्या तिकिटाला हा मेल फार क्वचित येतो. ओटीपी टाकून झालेल्या व्यवहारात नंतर फ्रॉड निघाला तर भुर्दंड साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो, एअरलाइनवर नाही. बाहेरच्या कितीतरी साइटवर मात्र ओटीपीशिवाय पेमेंट होतं, आणि तिथे भुर्दंड एअरलाइनचा, म्हणून ती जास्त चौकशा करते.

त्यात तुमच्या घरासारखी बुकिंग म्हणजे त्यांच्या कंप्युटरला संशय घ्यायला आयतं निमित्त. कार्ड एका देशातलं, प्रवास दुसऱ्या देशातून सुरू, कार्डवाला स्वतः प्रवासात नाही, प्रवाशांची नावं वेगळी, बऱ्याचदा वन-वे, आणि निघायला चार दिवस राहिलेले असताना काढलेलं. चोरीच्या कार्डावरची तिकिटं नेमकी अशीच असतात हो. कोकणातली निम्मी आखाती कुटुंबं अशीच तिकीट काढतात, पोरगा तिकडून पैसे भरतो आणि आई इकडून बसते, त्यात वावगं काहीच नाही, पण मशीनला आई-मुलगा कळत नाही. तेव्हा मेल आला म्हणजे आपल्यावर कोणी आळ घेतला असं मनाला लावून घेऊ नका.

आता खरा की खोटा. मेलमध्ये पीएनआर बरोबर आहे, नाव बरोबर आहे, म्हणून तो खरा, असं धरू नका. ही माहिती फुटते. एअर इंडियाच्या प्रवाशांची माहिती २०२१ मध्ये फुटली तेव्हा साधारण ४५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा, संपर्क, पासपोर्टचे तपशील त्यात होते, आणि ती फुटली कुठून तर सिटा नावाच्या कंपनीकडून, जी बऱ्याच एअरलाइन्सना कंप्युटर सिस्टीम पुरवते. ब्रिटिश एअरवेजचं २०१८ चं प्रकरण तर अजून वाईट, त्यांच्या खऱ्या वेबसाइटमध्येच चोरांनी कोड घुसवला आणि लोक पेमेंट करत असतानाच कार्ड नंबर आणि सीव्हीव्ही, म्हणजे कार्डावरचा छोटा गुप्त कोड, उचलले, पुढे २०२० मध्ये त्यांना दोन कोटी पौंड दंड झाला. कॅथे पॅसिफिकचे ९४ लाख प्रवासी, तेही २०१८ मध्येच बाहेर आलं. सांगायचा मुद्दा, तुमची माहिती माहीत असणं हा ओळखीचा पुरावा नाही.

म्हणून मेलमधल्या लिंकवर बोट लावायचं नाही, मेलमधल्या नंबरावर फोन करायचा नाही. एअरलाइनची साइट स्वतः टाइप करून उघडा, मॅनेज बुकिंगमध्ये पीएनआर आणि आडनाव टाका आणि बघा ई-तिकीट नंबर पडलाय का. हा नंबर १३ आकडी असतो आणि पहिले तीन आकडे एअरलाइनचे, एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६ असे. नंबर पडला नसेल, नुसता सहा अक्षरांचा पीएनआर असेल, तर तिकीट अजून इश्यू झालेलं नाही आणि व्हेरिफिकेशन खरंच अडकलेलं असू शकतं. नंबर पडलाय आणि तरी मेल म्हणतोय २४ तासांत कॅन्सल, तर संशय घ्या, पण निकाल लावू नका, कारण इश्यू झालेलं तिकीटही काही कंपन्या थांबवून ठेवतात. खात्री एकाच गोष्टीने होते, साइटवरच्या नंबराला तुम्ही स्वतः फोन करून विचारायचं की माझ्या बुकिंगवर व्हेरिफिकेशन पेंडिंग आहे का आणि कागद कुठल्या पत्त्यावर पाठवायचे. आणि तो नंबर गुगलवर सर्च करून घेऊ नका हां, एअरलाइन कस्टमर केअर म्हणून तिथे चोरांनी स्वतःचे नंबर टाकून ठेवलेले असतात, फोन लागतो, माणूस गोड बोलतो, आणि मग म्हणतो एक ॲप डाउनलोड करा मी स्क्रीन बघून मदत करतो. तिथेच फोन ठेवायचा. ओटीपी मागितला तरी तेच. व्हेरिफिकेशनला ओटीपी लागत नाही, कुठल्याच एअरलाइनला नाही. रिफंडला पण लागत नाही, रिफंड ज्या कार्डातून पैसे गेले त्याच कार्डात येतो, त्यासाठी ओटीपी, यूपीआय पिन, क्यूआर स्कॅन काही म्हणजे काही करावं लागत नाही.

समजा फोन केला आणि ते म्हणाले हो, मेल आमचाच. मग काय पाठवायचं.

त्यांना बघायचंय एवढंच की कार्ड खरंच तुमच्या भावाच्या हातात आहे. त्यासाठी कार्डावरचं नाव आणि शेवटचे चार आकडे पुरतात, फार तर पहिले सहा. मधले आकडे आणि सीव्हीव्ही यांची व्हेरिफिकेशनला गरजच नाही. कार्ड कंपन्यांचं जे सुरक्षेचं स्टँडर्ड आहे, पीसीआय डीएसएस म्हणतात त्याला, त्यात स्पष्ट आहे की पेमेंट मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही कोणीही साठवून ठेवायचा नाही, एअरलाइन असो की दुकानदार. मग तो मेलच्या इनबॉक्समध्ये फोटो म्हणून पडून राहिला तर काय झालं? स्टँडर्ड मोडलंच ना. बऱ्याच एअरलाइन्सच्या नियमातच लिहिलेलं असतं की कॉपी पाठवताना सीव्हीव्ही झाका, पण मेल लिहिणारा दोन्ही बाजूंचा क्लियर फोटो असा ठेवणीतला मजकूर चिकटवतो आणि आपण घाबरून सगळं पाठवतो.

झाकायचं कसं यात लोक घोटाळा करतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोबाइलच्या गॅलरीतल्या पेनने काळं फासून पाठवू नका. त्यातलं हायलायटरसारखं पेन अर्धवट पारदर्शक असतं, दहा वेळा फिरवलं तरी समोरच्याने ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे दिसायला लागतात. साधा उपाय, कोऱ्या कागदाची पट्टी कापा, सेलोटेपने कार्डावर मधल्या आकड्यांवर लावा आणि मग फोटो काढा. मागच्या बाजूला सीव्हीव्हीवर दुसरी पट्टी. आणि जुन्या पद्धतीचं, आकडे उठावाचे असलेलं कार्ड असेल तर ते आकडे मागच्या बाजूने उलटे उमटलेले असतात आणि उजेडात नीट वाचता येतात, पुढून झाकून मागून उघडे ठेवलेले फोटो माझ्याकडे कितीतरी येतात. हल्लीच्या काही कार्डांवर नंबर, नाव, सीव्हीव्ही सगळंच मागच्या बाजूला असतं, तेव्हा आधी कार्ड हातात घेऊन दोन्हीकडून बघा कुठे काय आहे ते. अमेरिकन एक्सप्रेस असेल तर चार आकडी कोड पुढच्या बाजूला असतो, तोही झाका.

मग कागदावर पेनने लिहा, फक्त अमुक एअरलाइनच्या व्हेरिफिकेशनसाठी, पीएनआर अमुक, तारीख, सही, आणि तो कागद कार्डाला खेटून ठेवून एकाच फोटोत घ्या. पासपोर्टच्या कॉपीवर मात्र हे आडवं, फोटो आणि नंबरच्या अंगावरून जाईल असं लिहायचं, कोपऱ्यात लिहिलं तर कातरून टाकता येतं.

आता पासपोर्ट, जिथे मला जास्त बोलायचंय. ओळख पटवायला फोटोचं पान पुरतं. आपल्याकडे सवय काय, पासपोर्टची झेरॉक्स म्हटलं की पहिलं आणि शेवटचं पान दोन्ही. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव, आईचं नाव, बायकोचं किंवा नवऱ्याचं नाव, घरचा पत्ता आणि जुन्या पासपोर्टचा नंबर असतो. बँकेला फोन केला की ओळख पटवायला काय विचारतात? जन्मतारीख आणि आईचं नाव. म्हणजे दोन पानांत बँकेच्या प्रश्नांची उत्तरं आयती बांधून दिलीत. एअरलाइनला ते पान लागत नाही. भावाकडे कुवेतचा सिव्हिल आयडी, म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र, असेल आणि एअरलाइन तो चालवून घेत असेल तर पासपोर्टऐवजी तो देणं मला बरं वाटतं, तो थोड्या वर्षांत नवा काढावाच लागतो.

आणि गळती खरी कुठे होते सांगू? एअरलाइनकडे होते त्याच्यापेक्षा जास्त आमच्याकडे. आमच्याच धंद्याबद्दल बोलतोय, कोणाला राग आला तर येऊ दे. तिकीट काढताना आम्ही सिस्टीममध्ये पासपोर्टचं जे टाकतो ते एक ओळीचं असतं, नंबर, देश, जन्मतारीख, एक्स्पायरी, नाव, एसएसआर डॉक्स म्हणतात त्याला. फोटो तिथे जातच नाही. तुम्ही हे सगळं टाइप करून पाठवलंत तरी तिकीट निघतं, एक अक्षर चुकू नये म्हणून आम्ही फोटो मागतो एवढंच. पण तो फोटो मग एजंटच्या व्हॉट्सॲपवर, तिथून बी-टू-बी, म्हणजे एजंटांच्या आपापसातल्या, ग्रुपवर रेट विचारायला, तिथून मुंबईच्या सब-एजंटकडे, आणि तिकीट निघाल्यावर डिलीट कोण करतंय. एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याच्या कंप्युटरचा डेस्कटॉप कधी बघितलाय का, पन्नास लोकांचे आधार आणि पासपोर्ट उघडे पडलेले असतात, व्हॉट्सॲप वेब चालू ते चालूच. प्रिंट काढायला गेलात तर समोर उभं राहून फाइल डिलीट करायला लावा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. आधार तर परदेशाच्या तिकिटाला लागतच नाही, कोणी मागितलं तर कशाला ते विचारा, आणि कुठे द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, यूआयडीएआयच्या साइटवरून निघतं.

बोर्डिंग पासचंही तसंच, विमानात बसताना फोटो काढून स्टेटसला टाकतात. त्यावरच्या बारकोडात नाव आणि पीएनआर असतो, आणि पीएनआर व आडनाव एवढ्यावर मॅनेज बुकिंग उघडतं. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर असाच बोर्डिंग पास टाकला होता, तर एका तरुणाने त्यावरून त्यांचा पासपोर्ट नंबर शोधून काढला, बरं तो भला माणूस होता, त्याने कळवलं.

आता मुख्य अडचण, कार्ड कुवेतला आणि आई सहारला, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर. चेक-इनला कार्ड बघतील हा नियम सगळे काउंटर रोज पाळतात असं नाही, बहुतेक वेळा कोणी विचारतही नाही, पण त्यावर विसंबून आईला खेडवरून रात्रीच्या गाडीत बसवू नका. काउंटरवरच्या मुलीने नाही म्हटलं तर तिथे रात्री दोन वाजता आई काय करणार, अडीचशे किलोमीटर मागे येणार? हे घरातून निघायच्या आधी मिटवायचं. सगळ्यात चांगला मार्ग, भावाने कुवेतमध्येच त्या एअरलाइनच्या ऑफिसात ओरिजिनल कार्ड आणि सिव्हिल आयडी घेऊन जायचं, ते कार्ड बघून बुकिंगमध्ये रिमार्क टाकतात की कार्ड व्हेरिफाय झालं. कागद कुठेही पाठवावा लागत नाही, फोटो कोणाच्या इनबॉक्समध्ये राहत नाही. गल्फमधल्या बऱ्याच एअरलाइन्स हे करून देतात, आधी फोन करून विचारायचं. ते जमलं नाही तर भावाचं सही केलेलं ऑथॉरिटी लेटर, झाकलेल्या कार्डाची कॉपी आणि त्याच्या आयडीची कॉपी आईजवळ प्रिंट करून द्यायची.

तिसरा मार्ग, ते तिकीट रद्द करून तुमच्या भारतीय कार्डाने किंवा नेटबँकिंगने नवीन काढायचं. पण आधी फेअर रूल, म्हणजे तिकीट रद्द करायच्या अटी, वाचा, आणि रिफंड यायला दिवस लागतात तोपर्यंत दोन्हीकडचे पैसे अडकतात, गणपतीच्या किंवा ईदच्या सीझनला भाडं दुपटीवर गेलेलं असतं. पुढच्या वेळेला मात्र भावाने पैसे तुमच्या खात्यात पाठवावेत आणि तिकीट तुम्ही इथून काढावं, ही कटकटच राहत नाही.

आता तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण खेड-दापोली-मंडणगडकडे हे फार चाललंय. व्हॉट्सॲपवर दुबई निम्म्या किमतीत अशी तिकिटं विकणारे असतात, रोख द्या किंवा यूपीआय करा, तिकीट खरं येतं, पीएनआर खरा, साइटवर दिसतं पण. यातली बरीच चोरीच्या कार्डावर काढलेली असतात. चार्जबॅक आला की तिकीट मरतं, कधी निघायच्या आधी, कधी परतीच्या वेळेला, आणि काउंटरवर पकडला जातो तो प्रवासी, विकणाऱ्याचा नंबर तोपर्यंत बंद. युरोपोल तर वेगवेगळ्या देशांच्या पोलिसांना घेऊन विमानतळांवर खास मोहिमा काढतं अशा तिकिटांवरच्या लोकांना धरायला. दुबईला नोकरीला जाणाऱ्या पोराने पहिल्याच प्रवासात हे लफडं अंगावर घेऊ नये.

शेवटी, मेलला उत्तर आधीच दिलं असेल आणि त्यात पूर्ण नंबर, सीव्हीव्ही गेला असेल तर. भावाने आत्ता, हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच, बँकेच्या ॲपमधून कार्ड ब्लॉक करावं आणि नवीन मागवावं. त्याचं कार्ड कुवेतचं, तेव्हा पैसे गेले तर तिकडच्या बँकेचे नियम लागू. भारतीय कार्ड असतं तर रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम असा, चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, माहिती तिसरीकडूनच फुटली असेल, आणि बँकेकडून मेसेज आल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमचा भुर्दंड शून्य. सात कामकाजाच्या दिवसांपर्यंत कळवलंत तर भुर्दंड मर्यादित. पण स्वतःच ओटीपी किंवा सीव्हीव्ही दिलात तर तो निष्काळजीपणा धरतात आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, म्हणून एकेक तास महत्त्वाचा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका, तक्रारीचा नंबर बँकेला द्या. इंटरनॅशनल व्यवहार लागत नसतील तर ॲपमधून बंदच ठेवा, २०२० पासून तो स्विच बँकांना द्यावाच लागतो.

पासपोर्ट किंवा आधारची कॉपी भलत्या हातात गेली असेल तर ब्लॉक करायला बटण नाही, तिथे लक्ष ठेवावं लागतं. सरकारच्या संचारसाथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघा, अनोळखी दिसलं तर तिथूनच रिपोर्ट होतं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चौघा कंपन्यांनाही वर्षातून एक रिपोर्ट फुकट द्यावा लागतो, एकदम चारही काढू नका, तीन-तीन महिन्यांनी एकेक काढा म्हणजे वर्षभर नजर राहते, न घेतलेलं कर्ज किंवा चौकशी दिसली की लगेच हरकत टाका. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. आणि भावाला सांगा, एअरलाइनच्या ऑफिसातून निघताना त्या रिमार्कचा फोटो नाहीतर मेल मागून घे, मग तुम्ही इथून मुंबईच्या ऑफिसला फोन लावून तो रिमार्क त्यांना स्क्रीनवर दिसतोय का ते वाचून दाखवायला सांगा, आणि ज्याने वाचून दाखवला त्याचं नाव आईच्या तिकिटाच्या प्रिंटवर लिहून द्या.